आटे पाणी अडवत नाहीत

प्रश्न असा आला होता: "काका, भाऊ दुबईहून येताना त्याचं आठ वर्षं वापरलेलं डायव्हर घड्याळ मला देऊन गेला. डायलवर ३०० मीटर लिहिलंय, बाजूची फिरवायची चावी आट्यांची आहे, पिळून आवळायची. मी बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या असेंब्लीला आहे. सरळ आट्यांतून तेल गळतंच, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मग घड्याळाच्या चावीचे एवढे बारीक सरळ आटे पाणी अडवतात कसे? आणि दिवाळीत गोव्याला जाणार आहोत, हे घालून समुद्रात उतरलं तर चालेल का?"

हा प्रश्न उद्यमबागेतल्या माणसानेच विचारावा, हे बरोबर आहे. बेळगावच्या खडेबाजारात चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसलोय. महागडी घड्याळं घेऊन येणारे डॉक्टर, कारखानदार, वकील यांतल्या एकानेही हे विचारलं नाही. 'स्क्रू-डाउन आहे हो, पॅक आहे' एवढं म्हणून मोकळे होतात.

तुमचा संशय शंभर टक्के बरोबर. आटे पाणी अडवत नाहीत. दोन आट्यांच्या मध्ये फट असतेच, नाहीतर ते फिरणारच नाहीत, आणि त्या नागमोडी फटीतून पाणी निवांत वर चढतं. चावीत पाणी अडवतं ते रबर. तुम्ही पाइपाच्या सरळ (बीएसपी पॅरलल) आट्यांच्या अ‍ॅडॉप्टरखाली डाऊटी वॉशर, म्हणजे रबर लावलेली धातूची चकती, टाकता ना? तिथे तेल कोण अडवतं? वॉशर. आटे काय करतात? वॉशर दाबून धरतात. घड्याळाची चावी म्हणजे हाच प्रकार, फक्त सात मिलिमीटरच्या टोपीत बसवलेला, आणि वर त्या टोपीतून एक दांडा आत मशीनपर्यंत जातो, जो फिरायलाही हवा आणि बाहेर ओढलाही जायला हवा. खरी गोम त्या दांड्यात आहे.

माझ्या काउंटरच्या काचेखाली एक अर्धी कापलेली चावी ठेवलेली आहे. तुमच्याच उद्यमबागेतल्या एका गिऱ्हाइकाने मेलेली चावी ट्यूबसकट रेझिनमध्ये बसवली, लेथवर निम्मी खाल्ली आणि पॉलिश करून आणून दिली. पैसे घेतले नाहीत, बदल्यात वडिलांचं एचएमटी साफ करून घेतलं. ती चावी भिंगाखाली बघितली की सगळं एका नजरेत कळतं. बाहेरून टोपी, म्हणजे उलटा पेला. पेल्याच्या भिंतीला आतून आटे. पेल्याच्या छताला चिकटून एक चपटी रबरी चकती, मध्ये भोक असलेली. छतातून खाली एक नळी उतरते, तिच्या पोटात बारीक स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या खाली स्टेम, म्हणजे मशीनपर्यंत जाणारा तो दांडा. आता केसकडची बाजू. केसमध्ये एक छोटी ट्यूब रोवलेली असते. तिच्या बाहेरच्या अंगाला आटे, आणि आतल्या अंगाला खाच पाडून बसवलेली एक किंवा दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. ओ-रिंगची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तुमच्याकडे एवढी ओ-रिंग जमिनीवर पडली तर शोधायच्या भानगडीत कुणी पडणार नाही.

म्हणजे रबर दोन जागी, आणि दोघांची कामं वेगळी. ट्यूबच्या आतल्या ओ-रिंग चावीच्या नळीला कमरेभोवती आवळून असतात. त्या चावी उघडी असो की बंद, आपलं काम करत राहतात. तुमच्या सिलिंडरच्या रॉड सीलसारख्या. छताची चकती मात्र चावी पूर्ण आवळल्यावरच ट्यूबच्या तोंडावर दाबली जाते. चावी अर्ध्यावर सोडली तर ती चकती हवेत. चावी उघडली की पोटातला स्प्रिंग तिला बाहेर ढकलतो, ती स्टेमशी जोडली जाते आणि चावी देता येते. आवळताना स्प्रिंग दबतो आणि चावीचा स्टेमशी असलेला फिरता संबंध सुटतो, म्हणून आवळताना मशीनला उगाच चावी बसत नाही.

रोलेक्सच्या चावीवर मुकुटाखाली तीन ठिपके दिसतात ती ट्रिपलॉक, १९७० पासूनची. तिच्या आधीची ट्विनलॉक १९५३ ची. नावातच हिशेब आहे. ट्विनलॉकमध्ये रबराच्या जागा दोन, ट्रिपलॉकमध्ये त्याहून जास्त. ट्रिपलॉक उघडल्यावर ट्यूबच्या आट्यांपाशी एक काळी रिंग बाहेरूनच दिसते. गिऱ्हाईक ती बघून घाबरतं, 'काहीतरी बाहेर आलंय' म्हणतं. ती तिथेच असायला हवी.

आता दाबाचा हिशेब. दहा मीटर पाण्याला एक बार दाब, म्हणजे ३०० मीटरला ३० बार. तुम्ही हसाल. तुमच्या टेस्ट बेंचवर दोनशे-अडीचशे बार रोजचे. पण या ३० बारचा जोर कुठे पडतो ते मोजून बघा. चावीच्या सीलचा व्यास पाच मिलिमीटर धरला तर तिच्यावर साधारण सहा किलोचा जोर, आणि तोही चावीला आत ढकलणारा, म्हणजे सील आणखी घट्ट करणारा. तीस मिलिमीटर व्यासाच्या काचेवर त्याच खोलीला दोनशे किलोच्या वर! म्हणून खोल पाण्याच्या घड्याळात जाड होतात त्या काचा आणि मागची झाकणं. रोलेक्सचं ३०० मीटरचं सबमरीनर आणि ३,९०० मीटरचं डीपसी, दोघांनाही चावी ट्रिपलॉकच. खोली वाढली म्हणून चावीला आणखी दहा आटे पाडलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असणार, इतरांना पटत नाही. ओ-रिंगला दाब आवडतो. दाब आला की ती खाचेच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटते आणि स्वतःच जास्त घट्ट होते. तिची खरी परीक्षा कमी दाबाला, जिथे ती फक्त बसवतानाच्या दाबणीवर, तुमच्या भाषेत स्क्वीझवर, उभी असते. रबर म्हातारं झालं की आधी ती दाबणी जाते. म्हणून माझ्याकडे पाणी शिरून येणारी घड्याळं खोल समुद्रातून आलेली नसतात. ती बादलीतून, शॉवरमधून, पावसातून आलेली असतात. ओमेगाने १९५७ च्या सीमास्टर ३०० ला नायाड नावाची चावी दिली होती, आटे नसलेली, पाण्याचा दाब वाढेल तशी जास्त घट्ट होणारी. खोलीत उत्तम, आणि तक्रार आली ती उथळ पाण्यातली. हायड्रॉलिकवाल्याला आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

मग आटे हवेत कशाला? कारण पाणी चावीतून शिरतं त्यामागे बहुतेक वेळा माणूस असतो. साधी दाबाची चावी शर्टाच्या बाहीत अडकून ओढली जाते, पोरं खेळताना बाहेर काढतात, तारीख बदलून माणूस अर्धवट ढकलतो आणि विसरतो. आट्यांची चावी चुकून ओढली जात नाही. दुसरं, छताच्या चकतीवर दर वेळी सारखा जोर येतो. तिसरं, बाजूने दणका बसला तर तो ट्यूबवर जातो, नाजूक स्टेमवर नाही. ही तीन कामं मोठी आहेत. पण ती पाणी अडवण्याची नव्हेत, पाणी अडवणाऱ्या रबराला सांभाळण्याची आहेत.

पुरावा हवा तर ब्लांपँ कंपनीचं फिफ्टी फॅदम्स बघा. १९५३ चं घड्याळ, आधुनिक डायव्हर घड्याळांचा आजोबाच म्हणा, आणि त्याच्या चावीला आटे नव्हते. दोन रबरं एकामागे एक, बस्स. कॅसिओचं जी-शॉक १९८३ पासून २०० मीटर सांगतंय, त्याला तर चावीच नाही, चार बटणं आहेत आणि प्रत्येकाला ओ-रिंग. आमच्याकडे कॅम्पातले जवान तेच घालतात, चिखलात लोळतात, आणि पाणी गेलं म्हणून त्यातली फार थोडी माझ्या टेबलावर येतात. येतात ती बहुतेक बाजारात कुणीतरी सेल बदलून मागचं रबर वेडंवाकडं बसवलेली.

जुनी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे चुकीची सांगतात. खिशातल्या घड्याळांच्या चावीवर आट्यांची टोपी बसवायची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. मनगटी घड्याळात खुद्द चावीच आट्यांनी बसवायची कल्पना पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या दोन स्विस कारागिरांनी १९२५ मध्ये पेटंट केली. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने ती विकत घेतली आणि १९२६ मध्ये ऑयस्टर हे त्याचं पाण्याला दाद न देणारं घड्याळ आलं. मूळ रचनेत चावी आणि मशीन कायम जोडलेली असल्याने आवळण्याची आणि चावी देण्याची गाठ पडायची. नंतर त्यात क्लच घालून ती सोडवली. १९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही बाई इंग्लिश खाडी पोहून गेली. त्यानंतर दुसऱ्या एकीने खोटाच दावा केल्याने हिच्यावरही शंका आली, म्हणून २१ ऑक्टोबरला ती परत पाण्यात उतरली. ऑयस्टर होतं ते या दुसऱ्या वेळी, आणि तेही गळ्यात, मनगटावर नाही. दहा तासांच्या वर पाण्यात राहून थंडीने तिला बाहेर काढावं लागलं. पोहणं पुरं झालं नाही, घड्याळ मात्र चालू होतं. महिन्याभराने डेली मेल या इंग्रजी पेपरच्या पहिल्या पानावर जाहिरात. 'रोलेक्स घालून खाडी पार केली' असं जे सांगतात त्यांना एवढं सांगा.

यातला माझ्या कामाचा धडा वेगळाच. तेव्हाच्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागायची. रोज सकाळी आटे उघडा, चावी द्या, आटे आवळा. वर्षाला तीनशे पासष्ट वेळा धातूवर धातू. आटे झिजणार, आणि एक दिवस माणूस आवळायचं विसरणार. १९३१ मध्ये ऑयस्टरमध्ये हाताच्या हालचालीने चावी देणारा रोटर आला तेव्हा पाण्याचा अर्धा प्रश्न सुटला, कारण चावीला हात लावायची गरजच उरली नाही. तुमचं घड्याळ ऑटोमॅटिक असेल तर चावीला जितका कमी हात लावाल तितकं बरं. ज्यांच्याकडे पाच-सहा घड्याळं आहेत आणि रोज एक बदलतात, त्यांच्या चाव्या सगळ्यांत आधी जातात. एकच घड्याळ दहा वर्षं घालणाऱ्याची चावी नव्यासारखी असते.

आता आपल्या भागातल्या खोडी.

फाउंड्रीची वाळू. मच्छे, उद्यमबाग, त्या बाजूची गिऱ्हाइकं आली की मी चावी उघडून आधी ट्यूबचे आटे भिंगाखाली बघतो. साबण, घाम, काळी वाळू यांची घट्ट पेस्ट. ग्राइंडिंग पेस्टच ती. तशीच आवळत राहिलात तर स्टीलवर स्टील घासून आटे गोल होतात. आधी चावी 'मऊ' आवळली जाते, मग शेवटच्या पाव फेरीला अचानक सुटते. आटे मेले, की कितीही चांगलं रबर घाला, दाबायला कुणी नाही. बऱ्याच चांगल्या घड्याळांत ट्यूबही आट्यांनी केसमध्ये बसवलेली असते आणि बदलता येते. स्वस्तातल्यांत ठोकून बसवलेली असते, ती काढताना केसचं भोक वाकडं होण्याची भीती.

दुसरी खोडी आडवे आटे. माणूस चावी आत दाबतो आणि सरळ पुढे पिळतो. पहिला आटा दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो. यावर युक्ती आहे, तुम्ही बारीक बोल्टला करता तीच: चावी हलक्या हाताने आत दाबा, आधी अर्धी फेरी उलटी फिरवा, 'टक' असं आत उतरल्याचं बोटाला कळतं, मग पुढे आवळा. दोन-अडीच फेऱ्यांत टेकली पाहिजे. टेकल्यावर थांबा. पक्कड घेऊन आवळणारे महाभागही मी बघितलेत. त्याने सील वाढत नाही, छताची चकती चिरडते, तिला कायमचा खड्डा पडतो. तुमच्या भाषेत कॉम्प्रेशन सेट. मग पुढच्या वेळी आणखी आवळावं लागतं, आणि हे गाडं आटे मरेपर्यंत चालतं.

यात माझा स्वतःचा एक गुन्हा आहे. दुकान वडिलांकडून हातात घेतलं त्या सुरुवातीच्या वर्षांतला. इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधले एक हवालदार, गाव खानापूर तालुक्यातलं, जपानी डायव्हर घेऊन आले. चावी सैल वाटते म्हणाले. छताची चकती खड्डा पडून चपटी झालेली. नेमक्या मापाची माझ्याकडे नव्हती, मी थोडी जाड घातली. चावी आवळली तर एकदम घट्ट! मी खूश, तेही खूश. माझ्या लक्षात आलं नाही की चकती जाड झाली म्हणजे चावी एक फेरी आधीच टेकते. जिथे अडीच आटे धरत होते तिथे आता दीड धरत होता. जुलैत सुट्टीवर गावी गेले, भात लावणीला चिखलात उतरले, आणि परत आले ते चावीशिवाय. चावी खाचरात गेली होती. मागचं झाकण उघडलं तर आत लाल चिखल आणि एक बारीक पान. मशीन पूर्ण गंजलेलं. त्यांनी एक शब्द वाईट बोलला नाही. मी त्यांना त्याच घड्याळात दुसरं मशीन घालून दिलं, चार महिने लागले. तेव्हापासून बोटाला घट्ट लागतंय म्हणजे सील आहे यावर माझा विश्वास नाही. प्रेशर टाकल्याशिवाय घड्याळ परत देत नाही.

प्रेशर टाकणं म्हणजे काय ते सांगतो, कारण 'पाण्यात बुडवून बघतो' म्हणणाऱ्या दुकानात घड्याळ देऊ नका. माझ्याकडे काचेचा छोटा चेंबर आहे, निम्मा पाण्याने भरलेला. घड्याळ पाण्याच्या वर, हवेत टांगायचं. झाकण बंद करून हवा भरायची, माझा चेंबर सहा बारपर्यंत जातो. थोडा वेळ तसंच ठेवायचं. कुठे गळती असेल तर दाबलेली हवा आत शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. आत शिरलेली हवा बाहेर यायला बघते आणि जिथून येते तिथे बुडबुड्यांची माळ लागते. चावीपाशी, काचेच्या कडेला, झाकणाच्या कडेला, जागा बरोबर दिसते. बुडबुडे दिसले की तत्क्षणी घड्याळ पाण्याबाहेर उचलायचं, दाब पूर्ण उतरण्याआधी, नाहीतर त्याच भोकातून पाणी आत. मोठ्या सर्व्हिस सेंटरांत पाण्याशिवायचं यंत्र असतं, दाबाने काच किती मायक्रॉन दबते आणि तशीच राहते का ते मोजणारं.

आणि गरम पाटीची परीक्षा. घड्याळ साधारण ४० ते ४५ अंशांवर तापवायचं, काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. आतून धुकं दिसलं म्हणजे आत ओल आहे. ही माझ्या घरची युक्ती नाही. डायव्हर घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या मानकात ती आहे. त्याच मानकात लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाब, चावीवर आडवा जोर लावून चाचणी, आणि ४० अंशांच्या पाण्यातून ५ अंशांच्या पाण्यात आणि परत ४० मध्ये अशा बुडक्या आहेत. साध्या 'वॉटर रेझिस्टंट' घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ २२८१०, आणि बरंच सौम्य. डायलवर डायव्हर लिहिलंय का नुसतं २०० मीटर, हा फरक त्यासाठी बघायचा.

या बुडक्या का, ते गोव्याच्या हिशेबाने बघू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. मी इथे झाकण बंद केलं की ती पातळ हवा आत कैद. तुम्ही चोर्ला घाट उतरून किनाऱ्यावर गेलात की बाहेरचा दाब वाढलेला, आतला तोच. पाण्याला हात न लावता घड्याळ जवळपास पाऊण-एक मीटर पाण्यात असल्यासारखं. त्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तापून पन्नास अंशांना गेलेलं घड्याळ घालून तुम्ही समुद्रात उडी मारली, आतली हवा झटक्यात थंड होऊन आकसली, तापल्याने आतून मिळालेला आधार गेला, आणि तो सगळा फरक एकदम रबरावर. म्हणजे पाणी गुडघ्याला असताना घड्याळ मीटरभर पाण्याचा दाब झेलतंय, तोही आत ओढून घेणारा. नव्या रबराला हा दाब म्हणजे काहीच नाही. पण मघाशी म्हटलं तसं, सुकलेलं रबर नेमकं याच कमी दाबाला दगा देतं. गोव्याहून येणाऱ्या धुक्याच्या घड्याळांचं कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं, 'पोहलोच नाही, नुसते पाय भिजवले' म्हणायचे. खरं बोलत होते.

उलट एक भीती फुकाची आहे. 'पोहताना हात मारला की दाब शंभर मीटरचा होतो' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. गणित करून बघा. हात सेकंदाला पाच मीटरच्या वेगाने पाण्यात गेला तरी वाढणारा दाब सव्वा मीटर पाण्याएवढा. गावच्या विहिरीत पाच मीटरवरून उडी मारली तर वेग दहाच्या आसपास, दाब पाच मीटरएवढा. पाण्याची पहिली चापट क्षणभर याहून जोरात बसते, खरं आहे, पण ३०० मीटरच्या धडधाकट घड्याळाला त्याचं काही नाही. घड्याळाला मारतं ते गरम पाणी आणि साबण. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो, ते बारीक फटीत सरकतं, आणि रबराच्या अंगावरचं ग्रीस धुऊन नेतं. म्हणून आंघोळीला घड्याळ काढा, समुद्रात घातलं तरी चालेल, असा माझा उलटा सल्ला असतो, आणि बायकोसमोर गिऱ्हाईक हसतं.

ग्रीसवरून आठवलं. सिलिकॉन ग्रीस रबराला लावायचं ते पाणी अडवायला नव्हे, चावी फिरताना रबर पिळवटू नये म्हणून. बोटाला जाणवेल न जाणवेल एवढंच. चोपडून लावलं तर त्यात वाळू धरते. आणि रबर सिलिकॉनचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावायचं नाही, ते फुगतं. तुमच्या शॉपमध्ये हाताशी हायड्रॉलिक तेल असतं म्हणून त्याचा थेंब सोडाल, तेही नको. तुमचं तेल तुमच्या नायट्रिल रबराला चालतं, या चावीत कंपनीने कुठलं रबर घातलंय ते बाहेरून कळत नाही.

घड्याळात पाणी गेलंच तर? निपाणीकडचे एक तंबाखूचे व्यापारी घड्याळ पुढे करून म्हणाले, "ओळग नीर होग्यावरी." आत पाणी गेलंय, हे मला बघूनच दिसत होतं, काचेच्या आत थेंब फिरत होते. विचारलं, कधी? आठवडा झाला, तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं! आपल्याकडे तांदूळ चांगला पिकतो म्हणून तो सगळ्याला औषध नव्हे. बंद केसमधली ओल तांदूळ ओढू शकत नाही, आणि तेवढ्या वेळात स्टेमला गंज चढतो. पाण्याची पहिली खूण तिथेच दिसते, चावी ओढली की स्टेमवर तपकिरी रेघ. त्यानंतर डायलखालचे बारीक स्प्रिंग आणि पाती. गोड पाणी असेल तर एक-दोन दिवसांत, खारं असेल तर त्याच दिवशी मागचं झाकण उघडायला हवं. पणजीत असाल तर पणजीतच कुणाकडे तरी उघडून घ्या, बेळगावला येईपर्यंत थांबू नका. नुसतं झाकण उघडून मशीन सुकवून ठेवायला सांगा, दुरुस्ती नंतर बघू.

आणि सगळा दोष चावीला देऊ नका. पाण्याला घड्याळात तीन दारं: चावी, काच, मागचं झाकण. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, असेल तर बटणांची आणखी दोन. माझ्या टेबलावर बुडबुडे निघतात त्यांतले निम्म्याहून जास्त मागच्या झाकणापाशी, कारण सेल बदलताना जुनंच रबर परत घातलेलं असतं, केसाएवढा धागा मध्ये अडकलेला असतो. तुमचं ऑटोमॅटिक असेल तर हा धोका कमी, कारण ते वारंवार उघडलं जात नाही.

आता तुमचं घड्याळ. आठ वर्षं वापरलेलं, त्यातली बरीच दुबईच्या उन्हात, आणि भावाने कधी रबर बदललं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. बदललेलं नाही असं मी धरून चालतो. आज ते ३०० मीटरचं घड्याळ नाही, ३०० मीटर लिहिलेलं घड्याळ आहे. चावीचा अख्खा संच बदलायचा, नुसती चकती नाही: चावी, ट्यूब, आतल्या रिंग. चावीच्या आतली रबरं बहुतेक कंपन्या सुटी देतच नाहीत, चावी नवीच घ्यावी लागते. मागच्या झाकणाचं रबर नवं. काचेचं रबर मी चेंबरमध्ये गळती दिसली तरच काढतो, विनाकारण काच उपसणं मला पटत नाही. हे करून प्रेशरच्या परीक्षेत पास झालं की समुद्रात खुशाल उतरा. पाण्यात असताना चावीला हात लावू नका. बाहेर आलात की चावी आवळलेलीच ठेवून नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, चावीभोवतीचं मीठ जाऊ दे. आटे समुद्रात जाम होत नाहीत, मीठ सुकल्यावर होतात.

दिवाळीला म्हणता, तर गणपतीच्या आधी आणून द्या. तुमच्या मॉडेलची ट्यूब मागवायला कधी तीन आठवडे लागतात, आणि गणपतीत खडेबाजारात गाडी लावायला जागा नसते. सकाळी अकराच्या आत या. संध्याकाळी गर्दीत मी चेंबर चालवत नाही, बुडबुड्यावरून नजर हलली की संपलं. येताना तुमच्या शॉपमधली एखादी सगळ्यांत लहान ओ-रिंग खिशात घालून आणा, त्या कापलेल्या चावीशेजारी ठेवून बघू.